बस्तरचे घडवे आणि त्यांचे ओतीव देव



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची कल्पना अशी असावी की, मी किमान वेतनावर, ठेकेदारी पद्धतीवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेन. त्या विषयांवर मी वर्षाचे तीनशे दिवस कारखान्याच्या फाटकापाशी बोलतच असतो, आणि ज्यांनी ते ऐकायला हवे ते मालक लोक तेव्हा मोटारीच्या काचा वर करून निघून जातात. आज वसंतातली संध्याकाळ आहे, आपण घरची कामे आटोपून, पैसे खर्चून नव्हे पण वेळ खर्चून आला आहात. तेव्हा मी आज वीतभर उंचीच्या पितळी मूर्तींवर बोलणार आहे. किमान वेतनाचा प्रश्न त्यात येणारच नाही असे मात्र वचन देत नाही.

मी कलासमीक्षक नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण अर्धे फाउंड्रीच्या वाळूत आणि अर्धे नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. सौंदर्यशास्त्राची परिभाषा माझ्याकडून आपल्याला ऐकायला मिळणार नाही. पण वितळलेला धातू साच्यात शिरतो तेव्हा आत काय होत असते, ते मला ठाऊक आहे. आणि ते काम करणाऱ्याच्या खिशात शेवटी काय पडते, हेही ठाऊक आहे. या दोन गोष्टींच्या आधारावर मी बोलणार आहे.

छत्तीसगढ राज्यात रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, जगदलपूरच्या अलीकडे सुमारे ७५ किलोमीटरांवर, कोंडागाव लागते. पूर्वी हे बस्तर जिल्ह्यातले एक गाव होते. २०१२ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. आपल्या गडचिरोलीची सीमा बस्तरच्या मुलखाला भिडलेली आहे, तेव्हा हा प्रदेश आपल्याला वाटतो तितका परका नाही. तेथील बाजारात जी हळबी बोली चालते तिच्यात मराठी इतकी मिसळलेली आहे की, ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात हळबीचा समावेश मराठीच्याच खंडात केला होता. आजचे जाणकार तिला मराठी, उडिया आणि छत्तीसगढी यांच्या सांध्यावरची बोली मानतात. बाजारात उभे राहिले की दर दहा शब्दांत एखादा शब्द ओळखीच्या माणसासारखा आपल्याकडे पाहून हसतो. अशाच शब्दांपैकी एक म्हणजे 'घडवा'. पितळ ओतून मूर्ती करणाऱ्या या लोकांना बस्तरमध्ये घडवा म्हणतात. घडवणारा तो घडवा. मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शहरांतल्या दुकानांत या कामाला 'ढोकरा' म्हणतात. ते नाव बंगालकडच्या ओतकाम करणाऱ्या एका जमातीवरून आले आणि पुढे साऱ्यांनाच चिकटले.

आता काम कसे चालते ते सांगतो. हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे. कारण सगळा न्याय-अन्याय याच्यातच आहे.

आपल्या कारखान्यात वाळूचा साचा करतात. लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न वाळूत ठोकून बसवायचा, तो अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. साचा दर वेळी मोडतो, पण पॅटर्न शाबूत राहतो. एका पॅटर्नवर हजारो नग निघतात. म्हणून कारखान्यात पॅटर्नला कुलूप असते, मोल्डरला नसते. घडव्याच्या कामात असा पॅटर्नच नाही. तो आधी मातीचा गाभा करतो. शेतातली माती आणि भाताचे तूस एकत्र मळून माणसाचे धड, घोड्याचे अंग, हत्तीचे पोट असा ठोकळ आकार द्यायचा. तूस का? तर भट्टीत ते जळून जाते आणि मातीत बारीक छिद्रे राहतात, त्यांतून वायू निसटतो. आमच्या फाउंड्रीत कोअरमधून वायू जाण्यासाठी एवढे शास्त्र शिकवतात. ते येथे तुसात आहे. त्या गाभ्यावर बारीक मातीचा आणि शेणाचा हात फिरवतात, आणि वाळल्यावर वालाच्या पाल्याने तो घासतात. पाल्याच्या हिरव्या रसाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि मेण चिकटते.

मग मेण येते. मधमाशांचे मेण वितळवून, गाळून, त्यात थोडी राळ घालून कमावतात. ते लाकडी दाबयंत्रात घालून दाबले की शेवयांसारखे लांब दोरे बाहेर पडतात. चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा म्हणजे झाले. हे दोरे एकाला एक लावून सगळ्या गाभ्यावर गुंडाळायचे. घोड्याच्या मानेभोवती, बाईच्या हातावर, देवाच्या छातीवर दोऱ्याशेजारी दोरा. डोळे म्हणजे मेणाच्या दोन गोळ्या. नाक म्हणजे चिमटीत धरलेला तुकडा. बांगड्या, माळा, केस, सारे दोऱ्यांचेच. बस्तरची मूर्ती हातात घेतल्यावर जी बारीक रेघ बोटाला लागते ती कोरलेली नसते. ती या मेणाच्या शेवईची आठवण असते. पुष्कळ घरांत माती मळणे, मेण गाळणे, दोरे काढणे आणि गुंडाळणे ही कामे बायका-मुलीच करतात. प्रदर्शनात पाटी लागते ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाची. हे सांगून ठेवतो आणि पुढे जातो, पण हे विसरू नका.

मेणाच्या मूर्तीवर पुन्हा माती चढते. पहिला थर अगदी मऊ, कोळशाच्या पुडीचा आणि गाळलेल्या मातीचा, म्हणजे दोऱ्यादोऱ्यातली खाच तो भरून काढील. त्यावर वारुळाची माती. मेणाला बाहेर पडायला आणि पितळेला आत शिरायला एक वाट ठेवतात. सावलीत वाळवून साचा तापवला की मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या जागी, तेवढीच, केसाएवढी पातळ पोकळी उरते. त्या पोकळीत पितळेचा रस. निवल्यावर वरची माती फोडायची. मेणाची मूर्ती केव्हाच गेली. आता साचाही गेला. उरतो तो एकच नग. दोन घोडे हवे असतील तर दोनदा माती मळावी लागते आणि दोनदा दोरे गुंडाळावे लागतात, म्हणून दुसरा घोडा पहिल्याचा भाऊ होतो, नक्कल होत नाही.

संस्कृतात या कृतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, मध काढून घेतल्यावर जे उरते ते, म्हणजेच मेण. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात या विधीचे वर्णन आहे, आणि मेण तोलून त्यावरून धातू किती घ्यायचा याचा हिशेबही आहे. हिशेब साधा आहे. मेण पाण्याहून किंचित हलके, पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड. म्हणजे शंभर ग्रॅम मेणाच्या जागी नऊशे ग्रॅमांच्या आसपास पितळ लागणार, आणि वाटेत जे अडकून राहते ते वेगळे. अक्षरशत्रू घडवाही हा हिशेब चुकत नाही. चुकला तर देवाचा एक पाय ओतायचा राहून जातो आणि सगळी मेहनत मोडीत घालावी लागते.

भट्टीविषयी एक गोष्ट कलेच्या पुस्तकांत सापडत नाही म्हणून येथे सांगतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. शुद्ध जस्त ९०७ अंशांना उकळते, आणि नेहमीचे पितळ वितळते ते त्याच्याच आसपास, थोडे वर. म्हणून पितळेचा रस झाला की जस्ताची वाफ उठते आणि हवेत येताच तिचा पांढरा धूर होतो. तो धूर छातीत गेलेल्या माणसाला त्या वेळी काही वाटत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर तोंडाला गोडसर धातूची चव येते, मग हुडहुडी भरते, अंग मोडून ताप येतो आणि एकदोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेणाऱ्याला त्याची सवय होते. सुट्टीचा दिवस मध्ये गेला की सवय मोडते आणि सोमवारी ताप पुन्हा जोराने येतो. मी ज्या कारखान्यात उमेदवारी केली तेथे पितळेचा घाण पडला की आम्हाला गुळाचा खडा देत. गूळ चांगला होता; धुराडे मात्र आठ वर्षे भांडून मिळाले. घडव्याच्या अंगणातल्या भट्टीला धुराडे नाही आणि भांडायला समोर मालकही नाही. ज्या देवघरातल्या शांत मूर्तीकडे आपण पाहतो तिच्यामागे ही हुडहुडी आहे.

एवढे सारे कशासाठी? कोणती दुनिया या वीतभर पितळेत उतरते?

पहिली गोष्ट झिटकू आणि मिटकी यांची. बस्तरमध्ये ही जोडी घरोघर ठाऊक आहे, आणि सांगणारा बदलला की तपशील बदलतो. मी ऐकलेली अशी. मिटकी ही सात भावांची एकुलती एक बहीण. झिटकू परगावचा, त्याच्या मागेपुढे कोणी नाही. दोघांचे मन जुळले. भावांना बहीण दूर धाडायची नव्हती, म्हणून त्यांनी झिटकूला घरात घेतले. त्या मुलखात सासऱ्याच्या घरी राबून बायको मिळवण्याची रीत आहे. अशा जावयाला लमसेना म्हणतात. झिटकू शेतात राबला, आणि गावाचे तळे खणायचे निघाले तेव्हा तेथेही राबला. तळे झाले, पण पाणी ठरेना. देव अंगात येणाऱ्या सिरहाने सांगितले की माणसाचा बळी हवा. गावातला कोणता मुलगा द्यायचा? प्रत्येकाला आई होती, भाऊ होते. बाहेरचा असा एकच होता. सात भावांनी त्याला तळ्यावरच मारले. मिटकी त्याला शोधत आली आणि तिनेही त्याच तळ्यात जीव दिला. काठावर तिची बांबूची टोपली राहिली. पुढे लोकांनी दोघांनाही देव केले. टोपलीला तिकडे गपा म्हणतात, म्हणून ती गप्पादाई झाली. घडव्याच्या हातून या दोघांची जोडमूर्ती निघते, आणि डोक्यावर टोपली असलेली बाई दिसली की ती मिटकी असे तिथले पोरही सांगते.

आपल्याकडच्या बायकांना ही कथा ऐकताना काही आठवले असेल. श्रावणातल्या शिळासप्तमीच्या कहाणीतही राजा तळे बांधतो, पाणी लागत नाही, आणि जलदेवता सुनेच्या मुलाचा बळी मागतात. पण आपल्या कहाणीत व्रताचे फळ मिळते आणि मुलगा परत येतो. बस्तरच्या गोष्टीत कोणी परत येत नाही. मला स्वतःला ही गोष्ट फार मोठी वाटते. सार्वजनिक कामावर राबणारा परका मजूर हाच बळीला सोयीचा असतो, हे कुणा लेखकाने नव्हे तर जंगलातल्या गावांनी ओळखले; आणि जे केले त्याची लाज वाटून त्यालाच देव्हाऱ्यात बसवले. आमच्याकडे पूल कोसळला की वृत्तपत्रांत मेलेल्या मजुरांचा आकडा येतो, नावे येत नाहीत. तेथे निदान नाव राहिले, आणि नावाची मूर्ती झाली.

दुसरा देव रावदेव, घोड्यावर बसून गावाची शीव राखणारा. त्याचा घोडा पाहून आमच्या एका सुशिक्षित मित्राने नाक मुरडले. म्हणाला, मान जिराफाएवढी, पाय बाकासारखे, हा कसला घोडा! मी त्याला विचारले की, आपल्या खंडोबाचा घोडा तू कधी नीट पाहिला आहेस का? आपल्या घरोघरच्या देव्हाऱ्यांत चांदीचे नाहीतर पितळेचे टाक असतात, तळहातात मावणारे. त्यावरचा खंडोबा, मागे म्हाळसा, खाली कुत्रे, हे सारे दोन बोटांच्या जागेत बसवलेले असते. तेथे आपण घोड्याची मापे काढत नाही, कारण तो घोडा कोणता ते आपल्याला ठाऊक आहे. रावदेवाच्या घोड्याला मान लांब आहे ती शिवेपलीकडे पाहायला, असे मी म्हणेन. घडवा कदाचित म्हणेल की दोरे गुंडाळताना हात तसा गेला. दोन्ही खरे असू शकते.

तिसरा लिंगो. मुरिया लोक त्याला घोटुलाचा, म्हणजे तरुणांच्या सामायिक घराचा, संस्थापक मानतात आणि पहिला वादकही मानतात. अठरा वाद्ये त्याने एकट्याने वाजवली अशी कथा आहे. व्हेरिअर एल्विन या इंग्रज संशोधकाने बस्तरमध्ये राहून मुरियांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, १९४७ साली प्रसिद्ध झालेला, त्यात या कथा आल्या आहेत. घडव्यांच्या मूर्तींत ढोल, तुतारी, बासरी वाजवणारे इतके दिसतात, ते मला उगीच वाटत नाही. याशिवाय मावली माता, तेलगीन माता, दंतेश्वरी, नागाची वेटोळी, ज्याच्या फांदीफांदीवर पक्षी बसले आहेत असे झाड. सगळ्यांची यादी करत बसत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायचा आहे. दुकानदार मूर्तीला चिठ्ठी बांधतो : 'चार हजार वर्षांची अखंड परंपरा'. त्यात मोहेंजोदडोच्या नर्तिकेचे नाव हमखास असते. ती मूर्ती खरोखर मेणाच्याच रीतीने ओतलेली आहे. १९२६ साली ती सापडली, उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, आणि आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादलाही, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ साली चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांचा रथ व त्यात उभा असलेला माणूस. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. या भूमीवर धातू ओतून आकार घडवणारे हात फार जुने आहेत, यात शंका नाही. परंतु रीत जुनी आहे म्हणून माणूस जुना ठरत नाही. कोंडागावचा घडवा आपल्यासारखाच आजच्या बाजारात मेण विकत घेतो आणि मोडीचे पितळ किलोने आणतो. त्याला चार हजार वर्षांचा म्हटले की दोन सोयी होतात : त्याचे नाव विचारायला नको, आणि त्याने काही नवे केले असे मानायला नको. सिंधूकाठच्या ओताऱ्याचे नाव आपल्याला कळण्याचा उपाय नाही. कोंडागावच्या घडव्याचे कळण्याला एक प्रश्न पुरतो.

पूर्वी घडवा गावासाठी काम करत असे. पैंजण, वाळे, घुंगरे, धान्य मोजायची मापे, देवाला वाहायचा घोडा. आपल्याकडे ओतारी हेच करीत. गिऱ्हाईक ओळखीचे होते. ज्याने नवस बोलला त्याचा देव कोणता आणि तो कसा दिसतो हे दोघांनाही ठाऊक होते. मग स्टीलची आणि ॲल्युमिनियमची भांडी आली, खेड्यात स्वस्त दागिना आला, आणि गावचे गिऱ्हाईक कमी झाले. त्याच सुमारास शहरात हस्तकलेची सरकारी दुकाने आणि प्रदर्शने निघाली. तेथे मागणी झाली ती दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तूची : मेणबत्तीची बैठक, खुंटी, राखदाणी. देव कुणाचा हे विचारणारे राहिले नाही.

या काळात दोन नावे घेण्यासारखी आहेत. एक जयदेव बघेल, कोंडागावचेच घडवा. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांचे काम परदेशांत गेले, आणि आपली मूर्ती ही आपली आहे असे म्हणण्याची हिंमत त्यांच्यामुळे पुष्कळांना आली. दुसरे नाव मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) या कलकत्त्याच्या शिल्पकर्तीचे. त्या १९५० च्या दशकात म्युनिकला जाऊन शिकल्या, आणि परत आल्यावर बस्तरच्या घडव्यांकडे पुन्हा शिकायला बसल्या. गावोगाव फिरून धातुकाम करणाऱ्यांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९७८ साली निघाले. त्या घडव्यांची रीत घेऊन माणसापेक्षा उंच मूर्ती ओतू लागल्या. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोणापासून काय शिकलो ते त्यांनी लपवले नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, आदर आहे. तक्रार आहे ती आपल्या बाजाराविषयी. तीच माती, तेच मेण, तेच दोरे. पण शिल्पकर्तीच्या मूर्तीची किंमत ठरते तिच्या नावावर, आणि ज्यांच्याकडून ती शिकली त्यांच्या मूर्तीची किंमत ठरते तागडीवर. पुष्कळ ठिकाणी घडव्याकडून माल अजून किलोच्या भावाने उचलतात. किलोचा भाव म्हणजे काय? पितळेचा दर, अधिक कोळसा, अधिक थोडी मजुरी. मिटकीची मान कोणत्या बाजूला झुकवायची, हे ज्याने ठरवले त्याच्या त्या ठरवण्याचे काय? त्याला वजन नाही, म्हणून दामही नाही.

शिवाय किलोच्या भावाचा परिणाम कामावर होतो. घडव्याचे सारे कसब दोरा बारीक काढण्यात आणि थर पातळ ठेवण्यात आहे. थर पातळ तर मूर्ती हलकी, हलकी तर पैसे कमी. म्हणजे जो अधिक चांगले काम करील त्याला कमी मिळणार! कारखान्यात नगावर दर असतो तेव्हा आम्ही घाईच्या कामाविरुद्ध ओरडतो. येथे तर जाड काम करण्याला बक्षीस आहे.

कायद्याने काही झाले नाही असे नाही. 'बस्तर ढोकरा' या नावाची २००८ साली भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंद झाली. त्यामुळे दुसऱ्या मुलखातल्या मालाला ते नाव लावता येत नाही. चांगले झाले. पण ही नोंद स्थानाच्या नावाला जपते, माणसाच्या नावाला नाही. नाव वापरण्याचा अधिकार मिळायला कारागिराने स्वतंत्र नोंद करावी लागते, आणि अर्ज, शिक्के, खेटे यांचे आम्हा संघटनावाल्यांनाच भय वाटते तर त्याला किती वाटेल. आणखी एक नवी अडचण. आता मूर्तीवरून रबरी साचा काढून त्यात मेण भरता येते. एका मूर्तीच्या शंभर प्रती निघतात, दोऱ्यांच्या रेघांसकट. म्हणजे घडव्याच्या घरात पॅटर्न शिरला, आणि पॅटर्न शिरला की कुलूपही येणार. ओळखण्याची युक्ती सांगतो : दुकानात एकाच देवाच्या दोन मूर्ती शेजारी ठेवा. दोरा एकाच ठिकाणी सुटला असेल, एकच बांगडी त्याच जागी वाकडी असेल, तर त्या साच्याच्या आहेत. हाताची वाकडी बांगडी दोनदा सारखी वाकडी होत नाही.

सभेत नेहमी एक आक्षेप येतो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. आक्षेप असा की, आता घडवे सायकलवर बसलेला माणूस करतात, पुस्तक वाचणारी मुलगी करतात. मग अस्सल परंपरा राहिली कुठे? माझे म्हणणे उलट आहे. ज्याने रावदेवाच्या घोड्याला हवी तेवढी मान दिली, त्याला सायकलला हवे तेवढे मोठे चाक देण्याची मोकळीक आहे. आपण त्याच्याकडून सतत जंगलच मागतो, कारण आपल्याला आपल्या दिवाणखान्यात जंगल हवे असते. त्याने काय स्वप्नात पाहावे हे गिऱ्हाइकाने ठरवू नये. दागिने घालून ओळीत बसलेल्या स्त्रिया पुस्तक वाचत आहेत अशी एक मूर्ती मी तेथे पाहिली. लिंगोच्या कथेइतकीच ती मला कल्पित वाटली, आणि तितकीच खरी.

आमच्या संघटनेने याबाबतीत एक लहानसा प्रयोग केला, तो सांगून थांबतो. दरवर्षी निवृत्त होणाऱ्या सभासदांना आम्ही काचेची ढाल देत असू. ती पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाई. कार्यकारिणीत बराच वाद होऊन ठरले की, त्या वर्षीच्या बारा ढालींच्या पैशात जेवढ्या बसतील तेवढ्या मूर्ती घडव्याकडून करून घ्यायच्या. उरलेली रक्कम सभासदांनी वर्गणीने भरली. विषय एकच : लॅडल धरलेला मोल्डर. तेथील एका कुटुंबाला मी फाउंड्रीचे वर्णन सांगितले. फोटो दाखवले नाहीत. दराची गोष्ट निघाली तेव्हा घरमालकाने सवयीने किलोचा भाव सांगितला. मी म्हटले, किती दिवस लागतील आणि घरातली किती माणसे राबतील ते सांगा, आपण त्यावर ठरवू. तो हिशेब त्यांनी पूर्वी कधी कुणाला सांगितला नव्हता. नवरा-बायको बोटांवर मोजत बसली. माती वाळण्याचे दिवस धरायचे की नाही यावर दोघांत थोडी बोलाचालीही झाली. बायकोचे म्हणणे असे की धरायचे, कारण तेव्हाही साचे उन्हातून सावलीत तीच हलवते. ते आम्ही मान्य केले. बैठकीखाली दोघांची नावे मेणातच लिहावीत एवढी अट आम्ही घातली.

मूर्ती आल्या. बाराही वेगवेगळ्या. मोल्डर वीतभर, आणि त्याच्या हातातली लॅडल जवळजवळ त्याच्याएवढीच. दोन्ही हातांनी धरलेली, पाय फाकलेले, मान आभाळाकडे. आमच्यातला एक चिकित्सक म्हणाला, माप चुकले. त्यावर बत्तीस वर्षे रस ओतून त्याच दिवशी निवृत्त होणारा एक जण म्हणाला की, अजिबात चुकले नाही. दुसऱ्या पाळीच्या शेवटी ती एवढीच मोठी असते.